पदवीधरालाही रोजगार हमीचं काम मागता येतं

"रोजगार हमी अडाण्यांसाठी, पदवीधराला जॉब कार्ड (योजनेत नाव नोंदवल्याचं कार्ड) मिळत नाही," हा समज बीड-लातूरकडच्या गावांत वर्षानुवर्षं फिरतोय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या आठवणीतून तो आला असावा, पण तो खोटा आहे. कायद्यात शिक्षणाची अट नाही, दारिद्र्यरेषेचीही नाही. ग्रामीण कुटुंबातल्या, अंगमेहनतीला तयार असलेल्या कुणाही प्रौढाला काम मागता येतं. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून शिकलेली पोरं गावी परतली, त्याच वर्षी केंद्रानं योजनेला ४०,००० कोटी रुपये वाढवून दिले होते! तो पैसा त्यांच्यासाठीही होता.

मागणी ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि तारखेची पोच घ्याच. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा दावा त्या पोचेवरच उभा राहतो.