संघर्षानंतरची शांतता आणि माध्यमं

युद्ध किंवा वांशिक हिंसाचार झालेल्या समाजात लोकांनी परत एकत्र राहावं म्हणून रेडिओ, पेपर, टीव्ही आणि आता सोशल मीडिया जे काही करतात ते सगळं या विषयात येतं. बातम्या, मालिका, अफवा खोडून काढणं, मतदानाची माहिती, सगळंच. पण सुरुवात आफ्रिकेतल्या रवांडापासूनच करावी लागते, कारण माध्यमं किती वाईट करू शकतात हे तिथे जगाने पाहिलं.

जुलै १९९३ मधे सुरू झालेलं आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन गाणी आणि गप्पांमुळे लोकांना आवडायचं, आणि हुतू कट्टरपंथीयांचं तेच स्टेशन देशातल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना झुरळं म्हणायचं, मग एप्रिल १९९४ ला नरसंहार सुरू झाल्यावर कोणाला मारायचं त्यांची नावं, ठिकाणंसुद्धा रेडिओवरून सांगितली गेली. साधारण १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. पुढे टांझानियातल्या अरुशा शहरात रवांडाच्या नरसंहारासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मधे या स्टेशनच्या संस्थापकांना आणि कांगुरा या पेपरच्या संपादकाला दोषी ठरवलं, अपिलात शिक्षा कमी झाल्या पण सुटलं कोणी नाही.

शेजारच्या बुरुंडीतही हुतू-तुत्सी हाच वाद. तिथे १९९५ मधे सुरू झालेल्या स्टुडिओ इजाम्बो या रेडिओ स्टुडिओने एक साधीच गोष्ट केली, हुतू आणि तुत्सी बातमीदारांना जोडीने पाठवलं. एकाला जिथे कोणी बोलायला तयार नाही तिथे दुसरा बोलतो, आणि बातमी लिहिताना दोघं एकमेकांना तपासतात. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात मोलाची आयडिया वाटते, कारण यात शांततेवर एकही भाषण नाही, फक्त दोन्हीकडच्यांना विश्वास ठेवता येईल अशी बातमी आहे. काँगोत २००२ पासून चालू असलेला रेडिओ ओकापी फ्रेंचसोबत लिंगाला, स्वाहिली, चिलुबा आणि किकाँगोत बोलतो. कंबोडियात १९९३ च्या निवडणुकीआधी संयुक्त राष्ट्रांच्या रेडिओने तुमचं मत गुप्त राहणार हे परत परत सांगितलं, धमक्या असूनही सुमारे ९० टक्के नोंदणीकृत मतदार आले. त्यात रेडिओचा वाटा नेमका किती हे मोजणं अवघड, पण भीती माहितीने कमी होते एवढं तरी नक्की.

मालिकांचं काय? रवांडातच २००४ पासून मुसेकेवेया नावाची रेडिओ मालिका सुरू झाली, दोन गावांच्या वैराची गोष्ट. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी त्यावर केलेला अभ्यास २००९ मधे आला आणि त्यातून निघालं ते विचार करायला लावणारं आहे. ऐकणाऱ्यांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत, पण आपल्या समाजात काय चालतं, काय चालत नाही याबद्दलची समज बदलली, आणि त्याप्रमाणे वागणंही. म्हणजे मन बदलायची वाट बघत बसायची गरज नाही!

थिअरीकडे बघितलं तर नॉर्वेचे शांतता अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी शांतता पत्रकारितेची कल्पना मांडली, की कोण जिंकलं कोण हरलं एवढंच न सांगता भांडणाची कारणं, सामान्य माणसांचे हाल आणि तोडग्याचे प्रयत्नही दाखवा. बीबीसीत काम केलेल्या डेव्हिड लॉइनसारख्या पत्रकारांचा यावर आक्षेप आहे, की बातमीदाराने बघून सांगावं, शांतता घडवणं त्याचं काम नाही. आक्षेप अगदीच चुकीचा नाही, पण काय बघायचं हे ठरवतानाच निवड झालेली असते.

सोशल मीडियाने काम अजून कठीण केलंय. म्यानमारमधे रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवायला फेसबुक वापरलं गेलं असं संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन पथकाने २०१८ मधे सांगितलं, आणि बर्मी भाषा जाणणारी माणसं कंपनीकडे कित्येक वर्षं अगदी थोडी होती.

दुसरी अडचण पैशाची, परदेशी मदत आटली की स्टेशनं बंद पडतात. म्हणून कोलंबियाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं, तिथे २०१६ च्या फार्क या बंडखोर संघटनेसोबतच्या शांतता करारातच हिंसेची झळ बसलेल्या भागांसाठी २० एफएम स्टेशनांची तरतूद आहे.