खंबायतच्या कबरशिळा

खंबायतच्या कबरशिळा : गुजरातमधील खंबायत (आजचे खंभात) येथे घडवलेल्या आणि मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकांत अरबस्तानापासून जावापर्यंत समुद्रमार्गे पाठवलेल्या संगमरवरी शिळा. हिंदी महासागरावरील सल्तनतींचे परस्परसंबंध शोधताना त्यांचा आधार मोलाचा ठरतो, कारण त्या काळची कागदपत्रे फारशी उरलेली नाहीत. शिळेवर मात्र मृताचे नाव, वंश, पदवी आणि हिजरी सनातली तारीख कोरलेली असते.

उत्तर सुमात्रातील समुद्र-पासै या सल्तनतीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस उदयाला आलेले हे राज्य मिरीच्या व्यापारावर पोसले. तिथली राणी नहरसिया १४२८ मध्ये वारली. तिची कबर पूर्ण संगमरवरी असून तिच्यावर कुराणातील ‘यासीन’ ही सूरा कोरलेली आहे. लेखात राणीची वंशावळ वडील सुलतान झैनुल आबिदीन यांच्यापासून मूळ पुरुष मलिक अल्-सालिहपर्यंत मागे नेली आहे. खंबायतेत १३३३ मध्ये वारलेला बडा व्यापारी उमर अल्-काझरूनी याच्या कबरीशी हिचे घडणीतले साम्य थक्क करणारे आहे. अक्षरांचे वळण तेच, कमानीखाली टांगलेल्या दिव्याची नक्षीही तीच. पूर्व जावातील ग्रेसिक येथे मौलाना मलिक इब्राहीम (मृत्यू १४१९) यांची शिळाही याच घडणीची आहे. डच अभ्यासक मोकेट यांनी १९१२ मध्ये हे दुवे जुळवून दाखवले. पश्चिमेकडे ओमानमधील धोफारचा, येमेनच्या रसूली घराण्यातील शासक अल्-वासिक इब्राहीम (मृत्यू १३११) याच्या कबरीसाठीही खंबायतचाच दगड गेला होता.

मोकेट यांनी यावरून सुमात्रा-जावात इस्लाम गुजरातेतून आला असा निष्कर्ष काढला. तो घाईचा होता. मलिक अल्-सालिहच्या कबरीवर १२९७ ही मृत्युतिथी आहे आणि गुजरातवर खिलजींची स्वारी होऊन तिथे मुसलमानी सत्ता आली ती त्यानंतर. खंबायतेत मुसलमान व्यापारी त्याआधीपासून होते, तिथल्या मशिदीचा १२१८ चा शिलालेखच उपलब्ध आहे. पण दगड कुठून विकत घेतला यावरून धर्म कुठून आला हे ठरत नाही. राजघराण्याला खंबायतचे काम प्रतिष्ठेचे वाटत होते आणि मागणी तिथवर पोहोचवणारी माणसे व गलबते हाताशी होती, एवढे मात्र शिळा निर्विवाद सांगते. तेवढेही कमी नाही.

दगडापेक्षा त्यावरचा मजकूर कधीकधी जास्त सांगून जातो. पासैमधील एका कबरीत बगदादच्या अब्बासी खलीफा अल्-मुस्तन्सिरचा वंशज विसावला आहे. त्याच्या घराण्यातला एक पुरुष महंमद तुघलकाच्या दरबारी दिल्लीत मानाने राहिला होता, आणि त्याचा उल्लेख इब्न बतूताने केला आहे. बगदाद, दिल्ली आणि पासै यांना जोडणारा धागा असा एका नामावळीत सापडतो. १४२० मध्ये वारलेल्या नैना हुसामुद्दीनच्या शिळेवर तर शेख सादीची फारसी गझल कोरलेली आहे. ‘नैना’ हे नाव तमिळ किनाऱ्याकडे बोट दाखवते. म्हणजे पासैचा सगळा संबंध एकट्या गुजरातशी होता असे मानणे चूकच.

पुढे सुमात्रातच स्थानिक दगडाच्या शिळा घडू लागल्या. त्यांना ‘बातु आचे’ (आचेचा दगड) म्हणतात. उत्तर सुमात्रातीलच आचे सल्तनतीने १५२४ मध्ये पासै जिंकले तरी ही परंपरा चालूच राहिली. मलाया द्वीपकल्पात जोहोर, पेराक, पहांग या राज्यांत या शिळा सापडतात. त्या केवळ व्यापाराने तिथे पोहोचल्या असेही नाही. आचेचा सुलतान इस्कंदर थानी (कारकीर्द १६३६–४१) हा मुळात पहांगचा राजपुत्र. आचेने पहांगवर स्वारी केल्यावर त्याला आचेला नेण्यात आले आणि पुढे तोच गादीवर बसला. त्याने पहांगमधील आपल्या पूर्वजांच्या कबरींसाठी आचेहून समारंभपूर्वक शिळा पाठवल्या. या पाठवणीचे वर्णन ‘बुस्तानुस्सलातीन’ या मलय ग्रंथात आहे. ग्रंथाचा कर्ता नूरुद्दीन अल्-रानीरी हा सुरतेजवळच्या रांदेरचा होता.