पाणी आलं, मग नळाला धार का नाही?

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनमधून 2023च्या दिवाळीत कोल्हापुरात आलं. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर पडतो: एवढं पाणी आलं, तरी आमच्या नळाला धार का नाही? त्याचं ठरलेलं उत्तर, ‘पाइप जुने झालेत, गंज साचून बारीक झालेत.’ हे निम्मंच बरोबर आहे. खरा घात करतो तो खडबडीतपणा.

हिशेबच मांडू. 150 मिलिमीटरचा बिडाचा पाइप घ्या. आत सगळीकडून 5 मिलिमीटर गंज चढला, व्यास उरला 140. दाब तोच ठेवला तर नुसत्या आकसण्यानं पाणी सुमारे 17 टक्के घटतं. आता पाइपातला प्रवाह काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रातला ‘सी’ बघा. पाइप आतून जितका गुळगुळीत, तितका हा आकडा मोठा. नव्या बिडाला 130, चाळीसेक वर्षं वापरून आत गंजाच्या गाठी आलेल्याला 75च्या आसपास. प्रवाह सीच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणजे एकट्या खडबडीतपणानं 42 टक्के पाणी गेलं. दोन्ही मिळून उरतं 48 टक्के.

एवढ्याशा गाठी इतकं पाणी कसं अडवतात? पाइपच्या भिंतीला टेकलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो. तिला लागून एक पातळ थर असतो, त्यात पाण्याचा चिकटपणा भोवरे उठूच देत नाही. सेकंदाला 1 मीटर वेगाच्या प्रवाहात हा थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढा. उंचवटे त्याखाली बुडालेले असले, तर मुख्य प्रवाहाला त्यांचा पत्ताच लागत नाही. महापुरात राजाराम बंधारा कुठं गेला ते वरून कळत नाही, तसंच. गाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढल्या की थर फाटतो, प्रत्येक गाठीमागं भोवरा सुटतो आणि दाब त्यात जिरतो. जर्मनीत निकुराद्झे या संशोधकांनी पाइपच्या आत ठरावीक मापाची वाळू चिकटवून हे मोजलं आणि 1933 मध्ये प्रसिद्ध केलं. पुरेशा खडबडीत पाइपात रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याचा चिकटपणा) कितीही वाढवा, घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, हलत नाही. तो उंचवटा आणि व्यास यांच्या गुणोत्तरावरच ठरतो, आणि दाबाची घट वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणूनच गल्लीतले नळ बंद असताना गेज भरपूर दाब दाखवतो आणि सगळ्यांनी नळ सोडले की काटा धाडकन खाली येतो.

पाइपला बाहेरून चुंबक बांधला की गंज विरघळतो, असं सांगून चुंबक विकणारे भेटतात. गाठ म्हणजे भिंतीला घट्ट धरून बसलेला लोखंडाचा गंज. ती खरवडूनच काढावी लागते. चुंबकात पैसे घालवू नका.

खडबडीतपणा साधारण वयाच्या प्रमाणात वाढतो, हे कोलब्रुक आणि व्हाइट यांनी 1930च्या दशकात दाखवलं. पण वाढीचा वेग पाण्यागणिक वेगळा, त्यामुळं नुसतं पाइपचं वय बघून हिशेबात सी भरणं धोक्याचं. मधे फाटा नसलेल्या तुकड्याच्या दोन टोकांना गेज आणि एक फ्लोमीटर लावला की खरा सी हातात येतो. मग पाइप खरवडून आतून सिमेंटचा पातळ थर दिला, तर व्यास मूळच्यापेक्षा कमीच राहतो, पण सी पुन्हा 130च्या घरात जातो. आपल्या त्याच 140 मिलिमीटरच्या भोकातून मग 48 ऐवजी 83 टक्के पाणी मिळतं, तेही अख्खा रस्ता न खणता.