दिसत नसलं, तरी डोळ्याला सकाळ कळते

अंध मुलगा वर्गात पेंगला की शिक्षक म्हणतात आळशी आहे आणि घरचे म्हणतात खचलाय. दोन्ही खरं असू शकतं, पण त्याचं घड्याळ सहसा कुणी तपासत नाही. मनगटावरचं नव्हे, मेंदूतलं.

दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस हा पेशींचा पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, रात्री वाढणारं मेलाटोनिन हे संप्रेरक, सगळ्यांच्या वेळा तो सांभाळतो. गंमत अशी की त्याचा दिवस बहुतेकांत 24 तासांहून किंचित मोठा असतो. रोजचा उजेड त्याला ताळ्यावर आणतो. हा उजेड टिपतात दृष्टिपटलातल्या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी. आपल्याला दिसतं ते ज्यांच्यामुळे, त्या शंकू आणि दंड पेशींवाचूनही त्यांचं काम चालतं, हे डेव्हिड बर्सन यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं. त्याआधी, 1995 मध्ये, बॉस्टनच्या संशोधकांना असे काही अंध लोक आढळले होते, ज्यांना उजेडाची जाणीवही नव्हती. तरी डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकताच त्यांचं मेलाटोनिन घटे! म्हणजे उजेड त्यांच्या घड्याळापर्यंत पोचत होता.

डोळेच काढलेले असतील किंवा नस पूर्ण गेली असेल, तर घड्याळ मोकाट सुटू शकतं. समजा ते 24.5 तासांचं आहे. रोज अर्धा तास घसरत 24 दिवसांत ते 12 तास मागे पडतं. भरदुपारी शरीराची मध्यरात्र. पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत पुन्हा जुळतं. म्हणजे घटक चाचणीत चमकलेला मुलगा सहामाहीत डुलक्या घेणार. वसतिगृहाची पहाटेची घंटा मात्र सगळ्यांना एकच. रात्री टक्क जागा, म्हणून पांघरुणाखाली ब्रेलचं पुस्तक. त्याला दिवा कुठे लागतो? सकाळी पाठांतर आठवत नाही, चिडचिड होते, मग बोलणी बसतात.

  

ठरल्या वेळी दिलेल्या मेलाटोनिनने असं घड्याळ जाग्यावर येऊ शकतं, हे 2000 मध्ये दिसलं. मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं. जाहिरातीतल्या गोळ्या परस्पर आणायच्या नाहीत. दवाखान्यात जाताना झोपेची दोन महिन्यांची नोंद न्यावी. आठवड्याभराची पुरत नाही, कारण तो आठवडा नेमका जुळलेला निघाला तर सगळं ठीकच दिसतं.