टार्गेट ८ दिलं म्हणून कोड जावा ८ वर चालेलच असं नाही
जेडीके ११ (जावाचं डेव्हलपमेंट किट) वर कम्पाइल करताना सोर्स (कोड कोणत्या आवृत्तीच्या भाषेत आहे) आणि टार्गेट (तो कोणत्या आवृत्तीवर चालवायचा) हे पर्याय ८ दिले की कोड जावा ८ वर बिनधास्त चालतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. टार्गेटमुळे क्लास फाइलवर (कम्पाइल होऊन तयार झालेल्या फाइलवर) ५२ हा आवृत्ती क्रमांक पडतो, म्हणून जावा ८ ती फाइल उघडतं. पण कम्पायलर मेथड शोधतो त्या ११ च्याच लायब्ररीत! जावाच्या बाइटबफर या क्लासची फ्लिप मेथड घ्या: ८ मध्ये तिचा परतीचा प्रकार बफर आहे, ९ पासून बाइटबफर. हा प्रकारही क्लास फाइलमध्ये नोंदला जातो, आणि तशी मेथड जावा ८ ला सापडत नाही. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं, कम्पाइल सुरळीत होतं आणि सर्व्हरवर ऐन वेळी 'नो सच मेथड एरर' येते. बूटस्ट्रॅप क्लासपाथची (जावाची मूळ लायब्ररी कुठली, ते सांगितलेलं नाही अशी) वॉर्निंग कम्पाइल करतानाच आलेली असते. तिच्याकडे कृपया डोळेझाक करू नका. जावा ९ पासून (२०१७) कम्पायलरला रिलीज हा पर्याय आहे. रिलीज ८ दिलं की कोड ८ च्याच लायब्ररीशी ताडला जातो. जुने दोन्ही पर्याय काढा, हा एकच द्या.