आयबी आणि 'रॉ'चे प्रमुख कसे नेमले जातात: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या इंटेलिजन्स ब्युरोचे म्हणजे आयबीचे संचालक आणि परदेशांतील गुप्तवार्ता पाहणाऱ्या रिसर्च अँड अॅनालिसिस विंगचे म्हणजे 'रॉ'चे सचिव या प्रमुखपदांसाठी जाहिरात निघत नाही आणि अर्जही मागवले जात नाहीत. आयबीतील साहाय्यक केंद्रीय गुप्तचर अधिकाऱ्यांची भरती जाहिरात देऊन होते, पण तिचा या नेमणुकीशी संबंध नाही. प्रमुखपदासाठी अर्ज भरून देतो असे कोणी सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी.

निवडीचा अंतिम अधिकार मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा असून तिच्यात पंतप्रधान आणि गृहमंत्री असे दोनच सदस्य असतात. आयबी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तर 1968 मध्ये स्थापन झालेली 'रॉ' मंत्रिमंडळ सचिवालयाचा भाग आहे. समितीने मंजुरी दिल्यावर कार्मिक व प्रशिक्षण विभागाकडून आदेश निघतो आणि त्यात अधिकाऱ्याचे नाव, तुकडी, केडर व कार्यकाळ एवढाच तपशील असतो.

पात्रतेच्या अटी कोणत्याही कायद्यात लिहिलेल्या नाहीत. त्या परंपरेने ठरल्या आहेत. आयबीचे संचालकपद भारतीय पोलीस सेवेतील आणि गुप्तवार्ता कामाचा दीर्घ अनुभव असलेल्या ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. 'रॉ'मध्येही बहुतेक प्रमुख पोलीस सेवेतून आले असले, तरी तिथे वाट थोडी रुंद आहे: विक्रम सूद हे मूळचे भारतीय टपाल सेवेचे अधिकारी होते. जुलै 2025 मध्ये पदभार घेतलेले पराग जैन 1989 च्या तुकडीचे, पंजाब केडरचे पोलीस अधिकारी असून त्याआधी ते 'रॉ'ची हवाई टेहळणी शाखा असलेल्या एव्हिएशन रिसर्च सेंटरचे प्रमुख होते.

उमेदवाराला स्वतः काही सादर करायचे नसले, तरी त्याच्या सेवेची कागदपत्रे आधीपासून सरकारदप्तरी असतात. वार्षिक कार्यमूल्यांकन अहवाल, दक्षता मंजुरी (गैरव्यवहाराचे किंवा शिस्तभंगाचे प्रकरण प्रलंबित नसल्याचा निर्वाळा) आणि दरवर्षी 31 जानेवारीपर्यंत भरायचे स्थावर मालमत्तेचे विवरण ही त्यांतली महत्त्वाची. विवरण वेळेत न भरणाऱ्या अधिकाऱ्याची दक्षता मंजुरी अडू शकते, म्हणून या वरवर किरकोळ वाटणाऱ्या कागदाला मोठे वजन आहे.

अलीकडच्या नेमणुका सुरुवातीला दोन वर्षांसाठी झाल्या आहेत. निवृत्तीचे वय 60 असले तरी केंद्र सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांतील 56(ड) नुसार जनहितार्थ मुदतवाढ देता येते. 2022 मध्ये आयबीचे संचालक झालेले तपन कुमार डेका यांना 2024 आणि 2025 मध्ये प्रत्येकी एक वर्षाची वाढ मिळाली.

सीबीआयच्या संचालकाची निवड मात्र कायद्याने घालून दिलेल्या समितीच्या शिफारशीने होते. तिच्यात पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतात. महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक सुबोधकुमार जयस्वाल यांची 2021 मधील निवड याच वाटेने झाली. गुप्तचर संस्थांना गोपनीयता हवी हे मान्य, पण प्रमुखाच्या निवडीत विरोधी पक्षाचा एक आवाज असल्याने कोणतेही गुपित फुटत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते या दोन पदांनाही असा कायदा लागू व्हायला हवा. खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, मात्र ते मंजूर झाले नाही.