रंधा येण्याआधीची जपानी सुतारकी

जपानी सुतार रंधा ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो, हे अनेकांना ठाऊक असते. पण लाकडी ठोकळ्यात पाते बसवलेला हा रंधा, म्हणजे दाइगान्ना, जपानात रूढ झाला तो १५व्या-१६व्या शतकाच्या सुमारास. नाराजवळचे होर्युजी मंदिर त्याआधी सातआठशे वर्षे उभे होते.

तेव्हा फळ्या कापत नसत, फाडत. ओंडक्यात ओळीने पाचरी ठोकल्या की चीर धाग्याच्या वाटेने जाई. त्यामुळे सरळ धाग्याचे हिनोकी (जपानी सायप्रस) लागे. पिळाचा ओंडका फाडला तर फळीही पिळाचीच निघायची. मग चोनाने, म्हणजे वाकसाने, तासायचे आणि शेवटचा हात यारिगान्नाचा. लांब दांडा, टोकाला भाल्यासारखे दुधारी, किंचित वर वळलेले पाते. ठोकळ्याचा आधार नाही, त्यामुळे काप किती खोल जाईल ते मनगटावर. जुन्या खांबांवरच्या उथळ, पन्हळीसारख्या खुणा त्याच्याच.

१५व्या शतकात ओगा ही दोघांनी ओढायची चौकटीची करवत आली. तोवर चांगले हिनोकी दुर्मिळ होत चालले होते. धाग्याची पर्वा न करता कापता येऊ लागल्यावर केयाकी आणि पाइनसारखी आडमुठी लाकडेही फळ्यांसाठी चालू लागली. करवतीच्या सपाट फळीला ठोकळ्याचा रंधा सोयीचा, म्हणून यारिगान्ना मागे पडला.

रंध्याचे पाते दोन थरांचे: धारेला कडक पोलाद, पाठीला मऊ लोखंड. पोलादाची बाजू मधे खोलगट असते, म्हणून ती दगडावर घासताना फक्त कडा टेकतात. धार झिजत मागे सरकली की धारेलगतची सपाट पट्टी संपते. मग मऊ लोखंडावर हलके ठोके देऊन पोलाद पुढे आणायचे. ठोका पोलादावर पडला तर धार तुटलीच! ठोकळा ओकचा, पाते बाजूंनी घट्ट बसवले तर दमट-कोरड्या हवेत तो तडकतो.

१८७६मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि काही तलवार-लोहार हत्यारांकडे वळले. उलट्या धाग्यावर ढलप्या उचकटू नयेत म्हणून पात्यावर दुसरे पाते बसवण्याची पद्धतही मेइजी काळातच (१८६८–१९१२) पसरली.

यारिगान्ना पुन्हा हातात आला तो होर्युजीचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांच्यामुळे. जुन्या खुणा अभ्यासून त्यांनी तो नव्याने घडवून घेतला आणि नारातल्या याकुशिजी मंदिराच्या कामात वापरला. तिथला पश्चिम मनोरा १९८१मध्ये पुरा झाला. हिनोकी मात्र तैवानहून आणावे लागले, कारण एवढ्या जाडीची झाडे जपानात उरली नव्हती.